बंद लिफ्टमधला आवाज

लिफ्ट मध्येच बंद पडली की आतला माणूस घंटेचं चित्र असलेलं बटण दाबतो. कोणी हलकेच दाबतो, कोणी कोपरानं दाबून धरतो, आणि काही महाभाग तर चपलेनं बडवतात. ती घंटा वाजते शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका बिनखिडकीच्या खोलीत. तिथे भिंतीवर मोठा पडदा असतो. पडद्यावर प्रत्येक लिफ्टचा हिरवा ठिपका असतो आणि अडकलेल्या लिफ्टचा तेवढा लाल होतो. टेबलाशी बसलेल्यानं हेडफोन चढवायचा आणि आतल्या माणसाशी बोलायला लागायचं. मेकॅनिक पोहोचून दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हा त्या खोलीचा पहिला नियम. मेकॅनिकनं तपासल्याखेरीज बिघाडाचं कारण कोणाला सांगायचं नाही, हा दुसरा. ह्या दुसऱ्या नियमावर कंपनीच्या वकिलांचा फार जीव होता.

धाकटी ह्या खोलीत उमेदवार म्हणून लागली होती. घरी तिला धाकटी म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. वडील जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत घण मारायचे, आई इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत होती, आणि सगळं कुटुंब टायरच्या दुकानावरच्या दीड खोलीत राहायचं. विजेच्या यंत्रांची पदवी तिनं त्याच दीड खोलीत, ओट्याखाली पाय दुमडून बसून मिळवली, आणि तीही पहिल्या वर्गात. वडिलांचे खांदे आता घण उचलताना कुरकुरायला लागले होते. टोळीचा मुकादम त्यांना आडून आडून सुचवायचा, की आता पुरे. घरातल्या सगळ्यांचे डोळे धाकटीच्या नोकरीकडे लागलेले होते, आणि नोकरी पक्की होईल की नाही हे उमेदवारीची मुदत संपल्यावरच ठरणार होतं.

काम तिला येत होतं. लाल ठिपक्याशेजारी उमटणारा बिघाडाचा संकेत ती मेकॅनिकांच्या आधी ओळखायची. घोडं अडत होतं ते आवाजापाशी. तिचा आवाज कडू नव्हता, चिडका नव्हता, त्यात काहीच नव्हतं. "आपली तक्रार नोंदवली आहे. मेकॅनिक निघाला आहे," एवढं ती अशा काही सुरात म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, यंत्र बोलतंय. एकदा अडकलेले एक आजोबा तिचं सगळं बोलणं संपेपर्यंत शांतपणे थांबले आणि म्हणाले, "बरं. आता माणसाशी बोलायला कुठलं बटण दाबू?"

"मी माणूसच आहे," धाकटी म्हणाली. अगदी त्याच सुरात.

आजोबांनी उसासा टाकला आणि पुन्हा घंटा दाबली. त्या दिवसापासून खोलीतल्या पोरांनी तिचं नाव 'टेप' ठेवलं.

आता हा आवाज काही तिनं हौसेनं कमावला नव्हता. तिच्या वडिलांना सावकाश बोलणं ठाऊकच नव्हतं. घरात पाऊल टाकलं की सुरू: बादली कोणी सांडली, दिवा कोणी जळत ठेवला, मला काय विचारता, मी काही केलेलं नाही! हात त्यांनी कधी कोणावर उगारला नाही, पण आवाज असा की फळीवरची भांडी थरथरावीत. आई त्यांना उलट बोलायची, भाऊ दार आपटून निघून जायचा आणि धाकटी मनाला आतून कडी लावून घ्यायची. डोळे पुस्तकावर, चेहरा तसाच, आणि आत कोणी घरीच नाही. ह्या कडीच्या जोरावरच ती शिकली, तेव्हा कडीला नावं ठेवायचं आपल्याला कारण नाही. फक्त आता ती कडी तिची परवानगी न घेता पडायला लागली होती. कोणी रडलं की पडायची, कोणी आवाज चढवला की पडायची.

त्यातच ती चूक झाली. एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये एक बाई अडकली आणि धाकटी तिला म्हणाली, "घाबरू नका, दोन मिनिटांत माणूस येतोय." मेकॅनिक पुलापलीकडे होता आणि पूल गाड्यांनी तुंबलेला होता, हे तिला समोर दिसत होतं. पण ती ज्या वस्तीत वाढली, तिथे खरा वेळ कोणी कोणाला सांगतच नसे. पाणी दोन मिनिटांत येतं, दिवे दोन मिनिटांत येतात, डॉक्टर दोन मिनिटांत बघतात. खरं सांगून माणसाचा धीर कशाला खचवायचा, अशी तिथली रीत. मायेपोटीच ती दोन मिनिटं म्हणाली होती. बाई ओरडायला लागली तेव्हा तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि मग आणखी एकदा. शेवटी त्या बाईचा विश्वासच उडाला. तिनं स्वतः दार फाकवायला घेतलं आणि बोट चेमटवून घेतलं.

साहेबांनी धाकटीला आपल्या काचेच्या केबिनमध्ये बोलावून घेतलं. साहेब त्या खोलीचे प्रमुख होते. माणूस सरळ होता, पण राग नाकावर. त्यांनी तिच्यासमोर त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

"आत माणूस ओरडतोय आणि तू स्टेशनवरची घोषणा करतेस? आणि हे दोन मिनिटं, दोन मिनिटं काय चाललंय?"

धाकटीनं मान खाली घातली. साहेबांचा आवाज चढला तशी मान आणखी खाली गेली.

"अगं, बोल ना काहीतरी!"

ती बोलली नाही. घरी अशा वेळी गप्प बसणं म्हणजे मोठ्या माणसाचा मान राखणं होतं. साहेबांना त्यात भलतंच दिसलं.

"माज आहे नुसता," ते म्हणाले. "महिनाअखेर तुझी मुदत संपतेय. शेवटच्या दिवसाचे तुझे फोन मी स्वतः ऐकणार. फरक दिसला नाही, तर दुसरीकडे बघ."

हे सगळं काचेच्या भिंतीपलीकडून एक बाई पाहत होत्या. खोलीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांना नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरायचं. पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि मधूनमधून डुलकी काढण्याबद्दल प्रसिद्ध. पण त्या फोनवर बसल्या की खोलीतली पोरं आपापली खुर्ची जवळ ओढायची. धाकटीनं एकदा ते डोळ्यांनी पाहिलं होतं. एका तरुणाला लिफ्टमध्ये श्वासच घेता येईना, शब्द फुटेना. बाईंनी त्याला एक अक्षरही सांगितलं नाही. त्या फक्त स्वतःच मोठ्यानं, सावकाश श्वास घेत राहिल्या. घेतला, सोडला. घेतला, सोडला. काही वेळानं त्या पोराचा श्वास हळूहळू त्यांच्या श्वासाच्या मागून चालायला लागला आणि मग तो म्हणाला, "हं. आता बरंय." धाकटी तोंड उघडं टाकून बघत राहिली होती. शहराच्या ह्या टोकाला बसून त्या टोकाच्या माणसाच्या छातीवर हात ठेवता येतो, हे तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

त्या बाई आता तिच्याजवळ आल्या. "कामाची पाळी संपली की मागच्या अंगणात ये," म्हणाल्या.

मागच्या अंगणात मेकॅनिकांना शिकवण्यासाठी एक जुनी लिफ्ट ठेवलेली होती, न वर जाणारी न खाली. बाईंनी धाकटीला तिच्यात उभं केलं, दार लावलं, दिवा घालवला आणि बाहेरून बोलायला लागल्या. आवाज छतातल्या जाळीतून यायचा.

"काय वाटतंय?"

"काही नाही."

"हात कुठे आहेत?"

धाकटीनं अंधारात आपले हात शोधले. "मुठी वळल्यात."

"दात?"

"आवळलेत."

"पोटात?"

धाकटीनं पोटावर हात ठेवला. "गोळा आलाय," ती म्हणाली, आणि आपलेच शब्द ऐकून चकित झाली.

"बरंच आहे की मग! आणि म्हणे काही नाही," बाई बाहेरून म्हणाल्या.

आपलं शरीर इतकं बोलत होतं आणि इतकी वर्षं आपल्याला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं, ह्याचं धाकटीला इतकं नवल वाटलं की रडू फुटलं. बाईंनी घाईनं दार उघडलं नाही. "रड, मी आहे इथे," एवढंच म्हणाल्या आणि खरोखरच तिथे राहिल्या.

मग हा रोजचा शिरस्ता झाला. पाळी संपली की दोघी अंगणात. कधी धाकटी आत, बाई बाहेर, कधी उलट. बाई आत गेल्या की असली नाटकं करायच्या की विचारू नका. कधी चिडक्या वकिलीणबाई व्हायच्या, कधी हरवलेलं पोर, कधी नवऱ्याशी भांडून निघालेली बायको. धाकटीनं त्यांना काय होतंय ते ओळखायचं, पण त्याआधी स्वतःला काय होतंय ते. कडी पडली की नुसतं म्हणायचं, "पडली." काढायची घाई करायची नाही. खोटा वेळ तर मुळीच सांगायचा नाही. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं.

"हे सगळं माझ्यासाठी का करताय?" एकदा तिनं विचारलं.

बाईंनी चष्मा पुसला. "तुझ्यासारखी पोरं इथे दरवर्षी येतात. ओट्याखाली बसून शिकलेली. मार्क असे की बघत राहावं. आणि मुदत संपली की जातात. कामात कमी पडतात म्हणून नाही. वरच्यानं आवाज चढवला की ती गप्प होतात, वरच्याला वाटतं माजलीत, आणि ह्यांना वाटतं आपली लायकीच नाही. मला त्याचा राग येतो, समजलं? एकेक हिरा हातचा जातो नुसता गप्प बसण्यापायी."

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळची पाळी नुकतीच लागली होती, तेवढ्यात एका कचेऱ्यांच्या इमारतीचा ठिपका लाल झाला. धाकटीनं हेडफोन चढवला मात्र, आणि कानात गडगडाट झाला.

"ए! कोण आहे तिकडे? उघडा म्हणतो ना! काय लिफ्टा बसवता का खेळणी? उघडा, नाहीतर फोडून टाकीन!"

पोक्त पुरुषाचा आवाज. घरातल्या त्या आवाजासारखाच, जणू त्याचा सख्खा भाऊ. धाकटीच्या आत खट्कन कडी पडली. पडली, ती मनातल्या मनात म्हणाली. मुठी वळल्यात, पोटात गोळा आहे. आणि मग ती बोलली.

"मी ऐकतेय, काका. मेकॅनिक निघालाय. त्याला किती वेळ लागेल ते मला नक्की सांगता येत नाही. पण तुम्ही बाहेर येईपर्यंत मी फोन ठेवणार नाही."

"गेला खड्ड्यात तुमचा मेकॅनिक!"

शिव्या सुरू झाल्या. चांगल्या ठेवणीतल्या शिव्या. शेजारच्या पोरानं तिच्यापुढे कागद सरकवला. हवा भरपूर आहे असं सांग, त्यावर लिहिलं होतं. अडकलेल्याला गुदमरण्याची भीती वाटते, हे त्या खोलीत सगळे गृहीत धरत. धाकटीनं कागदाकडे पाहिलं, पण ती बोलली नाही. ती ऐकत होती. शिव्यांच्या मध्ये मध्ये तो माणूस आणखी काहीतरी म्हणत होता. "मी नुसतं बटण दाबलं! जोरात नाही दाबलं! आधीपासूनच खडखडत होती!"

त्याला कोणी काही विचारलेलंच नव्हतं.

धाकटीनं कागद बाजूला सारला. हे तिनं जन्मभर ऐकलं होतं. मला काय विचारता, मी काही केलेलं नाही. बादली सांडली की, दिवा राहिला की, कोणी बोट दाखवायच्या आधीच वडिलांचा आवाज चढायचा. कारण बाहेरच्या जगात जे काही मोडेल, ते आपल्याच माथी मारलं जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो राग नव्हता. इतकी वर्षं ती ज्याला राग समजून दडून बसली होती, ती भीती होती. घण मारणारा तिचा बाप घाबरत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आतली कडी कधी निघाली ते तिला कळलंही नाही.

तिनं पडद्याकडे पाहिलं. लाल ठिपक्याशेजारी संकेत स्वच्छ उमटला होता: ब्रेक अडकला होता. तिला दुसरा नियम ठाऊक होता, आणि आज आपले फोन कोण ऐकणार आहे तेही.

"काका," ती म्हणाली, "लिफ्ट तुमच्यामुळे बंद पडलेली नाही. ब्रेक अडकलाय. मला इथे दिसतंय. तुमची ह्यात काहीही चूक नाही."

पलीकडच्या शिव्या थांबल्या. मग एक हुंदका आला, दाबलेला, मोठ्या पुरुषाला न शोभणारा म्हणून तोंडावर हात धरलेला. धाकटीनं त्याला रडू दिलं. ती तिथे राहिली. शेजारचं पोर लिहायचं विसरून तिच्याकडे बघत बसलं, आणि बाईंची डुलकी उडाली.

"आज पहिला दिवस आहे माझा," काही वेळानं आतून आवाज आला, इतका हळू की ओळखू येऊ नये. "रखवालदार म्हणून लागलोय. ह्या वयात कोण घेतं हो? गणवेशसुद्धा आधीच्या माणसाचा आहे. बाह्या पुरत नाहीत."

"मग बाह्या दुमडून घ्या," धाकटी म्हणाली, आणि दोघंही हसली. दार उघडेपर्यंत ती दोघं मग बाह्यांबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि उभ्यानं करायच्या नोकऱ्यांबद्दल बोलत राहिली.

दुपारी साहेबांनी तिला आत बोलावलं. बाई न बोलावताच मागोमाग आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. साहेबांनी सकाळचा फोन पुन्हा ऐकवायला घेतला. 'ब्रेक अडकलाय' ह्या शब्दांशी त्यांनी तो थांबवला.

"नियम ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग? उद्या त्यानं कंपनीवर दावा लावला तर?" आवाज चढला. "आता पुन्हा गप्प बसणार आहेस का?"

धाकटीनं मान वर केली. "मी गप्प बसते ते माजानं नाही, साहेब. मला भीती वाटते म्हणून. आत्ताही वाटतेय, मुठी बघा कशा वळल्यात. म्हणून जरा सावकाश सांगते. त्या काकांना लिफ्टमध्ये अडकल्याची भीती नव्हती. लिफ्ट मोडल्याचा आळ येईल, ह्याची होती. त्यांना हवा भरपूर आहे सांगून काही उपयोग नव्हता. नियम मी मोडला, तो विसरून नाही, समजून मोडला."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईच बोलल्या. "एवढी वर्षं मी ह्या खुर्चीवर काढली. पण मी असते तर त्याला हवेबद्दलच सांगत बसले असते. मला ते ऐकूच आलं नसतं." आणि त्या अशा नजरेनं धाकटीकडे बघत राहिल्या की ती संकोचून गेली. गुरूनं असं बघावं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"साहेब," धाकटी म्हणाली, "माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण एक राहिलंय. त्यांची चूक नाही हे मी त्यांना सांगितलं. त्यांच्या मॅनेजरला कोणी सांगितलं?"

साहेबांनी फोन ओढला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"तो नवा रखवालदार होय?" पलीकडचा मॅनेजर वैतागलेला होता. "त्याला सकाळीच घरी जायला सांगितलं. पहिल्याच दिवशी लिफ्ट बंद पाडली हो त्यानं! पण जाईल तर शपथ. फाटकाबाहेर उन्हात बसून राहिलाय. ओरडत नाही, भांडत नाही. एकच धोशा लावलाय: फोनवरच्या बाईंनी सांगितलंय, माझी चूक नाही."

ज्याचा चेहराही धाकटीनं पाहिला नव्हता असा एक माणूस सकाळपासून उन्हात बसला होता, आणि त्याच्यापाशी तिच्या एका वाक्याखेरीज दुसरं काही नव्हतं.

साहेब म्हणाले, "त्याला आत घ्या. ब्रेक आमचा अडकला होता. मी स्वतः येऊन सांगतो." फोन ठेवून ते उठले. "चल, तूही चल."

"आणि माझी मुदत?"

"ती संपली. उद्यापासून नेहमीच्या पाळीला यायचं."

ते दोघं पोहोचले तेव्हा तो फाटकापाशीच होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मान खाली, समोर साहेबांची वाट पाहत मॅनेजर अवघडून उभा. कोट घातलेल्या साहेबांना पाहताच तो चटकन उठला आणि एक पाऊल मागे सरला. साहेब बोलायला गेले, पण त्यांना सुरुवात सापडेना.

"काका," धाकटी म्हणाली.

त्याची मान झर्रकन वर आली. त्यानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी दुसरा शब्द ऐकायची त्याला गरज पडली नाही. तो मॅनेजरकडे वळला आणि रस्त्यावरची माणसं थबकून बघायला लागतील एवढ्या मोठ्या आवाजात ओरडला, "ह्याच त्या! साहेब, ह्याच त्या! विचारा त्यांना!" तो ओरडत होता, पुन्हा पुन्हा ओरडत होता, आणि धाकटी त्याच्यासमोर उभी राहून डोळे पुसत ऐकत होती.